गुरुनाथ सबनीसांचे पाचशे शब्द

गुरुनाथ सबनीसांचा फोन आला की मृणालिनी ओगलेचा नवरा अरुण स्वयंपाकघरातूनच ओरडायचा, "तुझे शेअरहोल्डर!" मृणालिनी हातातलं काम टाकायची, डोळे मिटायची आणि एक मोठा श्वास घ्यायची. फोन न घेऊन चालायचं नाही. नाही घेतला तर सबनीस दहा मिनिटांनी पुन्हा करत, मग व्हॉट्सॅपवर "फोन लागत नाही, सर्व ठीक?" असा मेसेज टाकत. तरीही उत्तर आलं नाही तर थेट दारात. न्यू जर्सीत, पार्सिपनीतल्या त्यांच्या घरापासून तिचं घर गाडीने सहा मिनिटांवर होतं, हीच सगळी पंचाईत होती.

"मृणालिनी, पाकीट पोचलं का?"

"पोचलं, काका. मीच सही करून घेतलं."

"ते दिसलं मला ट्रॅकिंगमध्ये. आतली पानं मोजलीस का पण? दोन आहेत. दुसऱ्या पानावर ब्रोकरचं पत्र, शेअर माझेच आहेत असं. ते सुटलं तर तुमचा डग लगेच रिजेक्ट करेल."

डग म्हणजे मृणालिनीचा साहेब. वेल्ड्रम पंप अँड व्हॉल्व्ह या कंपनीचा मुख्य वकील. मृणालिनी त्याच्या हाताखाली एकवीस वर्षं पॅरालीगल होती, म्हणजे स्वतः वकील नाही, पण जिच्यावाचून वकिलांचा एक कागद इकडचा तिकडे होत नाही अशी. बोर्डाच्या सभांची इतिवृत्तं तिने लिहायची, शेअरहोल्डरांना जाणारी पुस्तिका तिने जुळवायची, मतं आली की आकडे तिने लावायचे. आणि दर डिसेंबरला सबनीसांचं रजिस्टर्ड पाकीट तिनेच फोडायचं, वर संध्याकाळी घरी येऊन त्यांनाच ते पोचल्याचं सांगायचं. पाच वर्षं हे चाललं होतं. या माणसाला काही सुचवावं म्हटलं तर तो सुचवणाऱ्यालाच तीन सूचना देऊन परत पाठवायचा.

सबनीस सांगलीहून इंजिनिअर होऊन अठ्ठ्याहत्तर साली अमेरिकेत आले आणि वेल्ड्रममध्ये चिकटले ते छत्तीस वर्षं. त्यांचं काम व्हॉल्व्ह तपासण्याचं. गळतो की नाही, एवढंच सांगायचं. पण एवढंच सांगण्यात त्यांनी भल्याभल्यांना घाम फोडला. शंभरात अठ्ठ्याण्णव पास झाले की लोक आनंदाने पाठ थोपटून घेतात, सबनीस उरलेले दोन टेबलावर घेऊन बसत. हा स्वभाव रिटायर झाल्यावर घरी आला, आणि घरून मंडळात गेला. मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत अहवाल वाचून झाला, टाळ्या पडल्या, समोसे बाहेर आले, की मागच्या रांगेतून एक हात वर येई. "एक मिनिट. पान चार." समोसे थंड होत, लहान मुलं रडायला लागत, सेक्रेटरीच्या तोंडाला फेस येई, आणि वैतागाची गोष्ट ही की पान चारवर खरोखरच चूक असे.

नीलाकाकू होत्या तोवर त्यांचा कोट मागून ओढायला कोणी तरी होतं. दोन वर्षांपूर्वी त्या गेल्या. मग ओढणारं कोणी राहिलं नाही.

कंपनीत असताना पगारातून घेतलेले दोनशे बारा शेअर सबनीसांनी कधी विकले नाहीत. त्यांच्या मते शेअर म्हणजे मालकी, आणि मालकाने वर्षातून एकदा आपल्या दुकानात जाऊन बघावं. म्हणून रिटायर झाल्यापासून ते दर मे महिन्यात कंपनीच्या वार्षिक मीटिंगला जायचे. मीटिंग असायची विल्मिंग्टनला, डेलावेअरमध्ये. बरोबर चार-पाच रिटायर्ड मंडळी, सगळी आपलीच. पहाटे साडेपाचला सबनीसांची ओडिसी व्हॅन निघायची, नीलाकाकूंनी दिलेली दशम्या-चटणी पेन्सिल्व्हेनियाच्या हद्दीत संपायची, आणि थालीपिठं मीटिंगनंतर हॉटेलच्या पार्किंगमध्ये, गाडीचं मागचं दार वर करून. एका वर्षी सिक्युरिटीवाल्याने हटकलं, तर सबनीसांनी त्यालाही थालीपीठ दिलं आणि कागदावर ठेवून, लोणी लावून कसं खायचं ते समजावलं. चाळीस मिनिटांच्या मीटिंगसाठी जाऊन-येऊन पाच तास. पण चेअरमन समोर उभा असायचा. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून प्रश्न विचारता यायचा, आणि त्याला काही तरी उत्तर द्यावंच लागायचं.

आता कंपनी पार्सिपनीत, तर मीटिंग विल्मिंग्टनला का? इथे या देशाची एक गंमत सांगितली पाहिजे, म्हणजे ज्यांना गंमत वाटते त्यांच्यासाठी गंमत. इथे कंपनी राहते एकीकडे आणि असते दुसरीकडेच. कारखाना ओहायोत, ऑफिस न्यू जर्सीत, माणसं सगळीकडे, पण जन्मदाखला डेलावेअरचा. कंपनीच्या आतले भांडणतंटे, कोणाला मत, कोणाला हक्क, कोणी कोणाला कोर्टात खेचायचं, हे सगळं त्या दाखल्यावर जे राज्य असेल त्याच्या कायद्याने चालतं. डेलावेअर हे बोटाएवढं राज्य कित्येक वर्षं याच दाखल्यांवर ऐटीत जगलं. मग इतरांना वाटलं, आपण का मागे? नेवाडाने फलक लावला की आमच्याकडे डायरेक्टरांना जास्त आराम. टेक्सासने कंपन्यांसाठी वेगळं कोर्ट उघडलं आणि वर कायदा केला की शेअरहोल्डर फार वळवळ करणार नाहीत याची सोय आहे. डेलावेअर घाबरलं, त्यानेही घाईघाईने आपला कायदा मऊ केला. इथल्या आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर, आपल्या देशी बाजारात, साडीवाले दुकानाबाहेर येऊन "आइए मॅडम, अंदर आइए" करतात ना, तसं हे, फरक इतकाच की इथे बोलावणारे गव्हर्नर आहेत आणि डिस्काउंट दिला जातो तो दुसऱ्याच्या खिशातून. ज्याचा हक्क कमी होतो त्याला कोणी विचारत नाही. गिऱ्हाईक तो नसतोच मुळी.

हे सगळं मृणालिनीला एकवीस वर्षं पाठ होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तिला वाटायचं ते एवढंच की सबनीसांनी आता गप्प बसावं.

ते बसले नाहीत, याला कोविडचा हातभार. दोन हजार वीसमध्ये मीटिंग ऑनलाइन झाली. स्क्रीनवर चेअरमनचा फोटो, खाली एक चौकोन, "तुमचा प्रश्न येथे टाइप करा." सबनीसांनी चाळीस मिनिटं दोन बोटांनी प्रश्न टाइप केला. मीटिंग एकोणीस मिनिटांत संपली. प्रश्न कोणी वाचलाच नाही. पुढच्या वर्षी साथ संपत आली तरी मीटिंग ऑनलाइनच राहिली, कारण बोर्डाला लक्षात आलं होतं की असं बरं पडतं.

सबनीसांनी मात्र त्या पहिल्या ऑनलाइन मीटिंगनंतरच एक नियम शोधून काढला होता. केंद्राचा नियम होता. ज्याच्याकडे दोन-एक हजार डॉलरचे शेअर काही वर्षं आहेत, असा कोणीही सामान्य माणूस कंपनीच्या पुस्तिकेत स्वतःचा एक ठराव छापून घेऊ शकतो, पाचशे शब्दांत. त्यावर मग सगळ्या शेअरहोल्डरांनी मत द्यायचं. सबनीसांनी पाचशे शब्द लिहिले. म्हणणं साधं होतं. वेल्ड्रममध्ये कंपनी चालवणारा मुख्य अधिकारी आणि त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या बोर्डाचा चेअरमन हा एकच माणूस होता. तो एक नसावा. "परीक्षा देणारा आणि पेपर तपासणारा एकच असला तर सगळे पास," ते मृणालिनीला म्हणाले होते, आणि हे इंग्रजीत कसं बसवू म्हणून तीन फोन केले होते.

पहिल्या वर्षी नऊ टक्के मतं पडली. डग हसला. दुसऱ्या वर्षी सतरा, मग सव्वीस, मग सदतीस. डगचं हसू कमी कमी होत गेलं. दोन हजार पंचवीसच्या मे महिन्यात सेहेचाळीस टक्के. ठराव पास झाला तरी बोर्डावर तसं बंधन नव्हतं, पण निम्म्याच्या वर मतं गेली की मोठमोठे फंड बोर्डाच्या मानगुटीवर बसतात आणि मग टाळता येत नाही. म्हणजे आणखी एक वर्ष. एका रिटायर्ड व्हॉल्व्ह तपासणाऱ्याने, दोनशे बारा शेअरांवर, चेअरमनची खुर्ची निम्मी सरकवत आणली होती. त्या रात्री त्यांनी मृणालिनीला फोन केला नाही, स्वतःच आले, आणि दारातच म्हणाले, "चार टक्के राहिले गं!" तिला खरं तर आनंद झाला होता, पण पाठोपाठ त्यांनी पुस्तिकेच्या पान अठरावरची स्वल्पविरामाची चूक काढली आणि आनंद तिथेच विरला.

सप्टेंबरमध्ये बोर्डाने ठरवलं, वेल्ड्रम डेलावेअर सोडून टेक्सासची कंपनी होणार.

होणार म्हणजे काय होणार? काही नाही. एक खुर्ची हलणार नव्हती. पार्सिपनीतलं एक कुंडीतलं झाडसुद्धा टेक्सासला जाणार नव्हतं. जन्मदाखला बदलणार, बस. त्यासाठी शेअरहोल्डरांचं मत घ्यायचं आणि एकशे अठरा पानांची पुस्तिका पाठवायची. ती मृणालिनीनेच जुळवली. पान त्रेसष्टवर नव्या नियमांची सुरुवात होती. टेक्सासच्या शेअरबाजारात नुसतं नाव नोंदवून, तिथल्या नव्या कायद्याने दिलेली सवलत कंपनीने उचलली होती. यापुढे ज्याच्याकडे दहा लाख डॉलरचे शेअर असतील किंवा कंपनीचे तीन टक्के, त्यालाच ठराव मांडता येईल. कंपनीच्या वतीने डायरेक्टरांना कोर्टात खेचायचं तर तिथेही तीन टक्के. सबनीसांचे दोनशे बारा शेअर त्या आकड्यापुढे कुठे दिसणारही नव्हते.

डगने पान तपासून परत दिलं आणि हसत म्हणाला की यात एक फायदा फुकटात मिळाला, तुझा तो पाचशे शब्दांवाला मित्र आता गेला. मृणालिनीही कसनुसं हसली. साहेब हसल्यावर हसायचं, ही सवय एकवीस वर्षांत लागते.

तिला वाटलं, आता सबनीस पेटणार. पुस्तिका पोचली की फोन, मग फोनवर फोन, मग पत्रं, मग मंडळाच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज. तिने मनाची तयारी करून ठेवली. खात्याचा नियम होता की मत कसं द्यावं याबद्दल शेअरहोल्डरांशी अवाक्षर बोलायचं नाही. ती नियम सांगणार आणि फोन ठेवणार होती.

फोन आला. "मृणालिनी! वाचलं मी! कंपनी टेक्सासला येते आहे!"

आवाजात इतका आनंद होता की तिला वाटलं कोणा दुसऱ्याचाच फोन आहे.

"काका... तुम्ही पुस्तिका वाचलीत ना?"

"वाचली की. चेअरमनचं पत्र किती छान आहे. 'टेक्सासमध्ये आपलं स्वागत करण्यास आम्ही उत्सुक आहोत.' बघ, पाच वर्षं बोंब मारली त्याचा काही तरी उपयोग झाला."

मग तिच्या लक्षात आलं, आणि तिने कपाळाला हात लावला. सबनीसांची मुलगी सावनी टेक्सासात होती, अर्विंगला. नीलाकाकू गेल्यापासून ती मागे लागली होती, बाबा, घर विका, इकडे या, आन्याला आजोबा हवेत. सबनीस दोन वर्षं टाळत होते. कारणं शंभर द्यायचे, पण खरं कारण हे की इथे त्यांची कंपनी होती. आणि आता त्यांनी हिशेब मांडला होता. डेलावेअरची कंपनी होती तेव्हा मीटिंग डेलावेअरला व्हायची. टेक्सासची झाली की मीटिंग टेक्सासला होणार. म्हणजे डॅलसला, दुसरीकडे कुठे? सावनीच्या घरापासून वीस मिनिटं. चेअरमन पुन्हा समोर उभा. आणि चार टक्केच तर राहिलेत.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या पान चारवरच्या चुका काढणाऱ्या माणसाने या वेळी पहिलंच पान वाचलं होतं. सप्टेंबरमध्ये बातमी आली तेव्हाच घर विकायला काढलेलं, खोक्यांचे ढीग, नीलाकाकूंची कपाटं रिकामी करायची. पण न वाचण्याचं हे सगळं खोटं कारण. खरं हे की मीटिंग सावनीच्या घराजवळ येणार, हे त्यांना खरं असायला हवं होतं. मृणालिनीला त्यांचा असा राग आला की बस. इतकी वर्षं आमचा जीव खाल्लात, मग आताच का नाही वाचलंत?

आणि ते एवढ्यावर थांबतील तर सबनीस कसले! त्यांनी वेल्ड्रमच्या रिटायर्ड माणसांची जुनी यादी काढली आणि एकेकाला फोन करायला सुरुवात केली. फक्त आपली माणसं नव्हे, ओहायोतले फोरमन, स्टोअरकीपर, एका म्हाताऱ्या वेल्डरची विधवा. रिटायर्ड लोकांकडे मिळून कंपनीचे चार-साडेचार टक्के शेअर होते, आणि ही मंडळी कधीच मत देत नसत. पाकीट न फोडता कचऱ्यात. अशा ठरावाला एकूण शेअरांपैकी निम्म्याहून जास्त होकार लागतात, म्हणजे पाकीट कचऱ्यात गेलं की ते आपोआप विरोधात मोजलं जातं. डगचा अंदाज होता की जेमतेम एकोणपन्नासपर्यंत गाडी पोचेल आणि अडकेल.

रोज संध्याकाळी मतांचे आकडे मृणालिनीच्या स्क्रीनवर येत. ऑक्टोबरच्या शेवटी रिटायर्ड लोकांचा रकाना हलायला लागला. अर्धा टक्का. सव्वा टक्का. सगळे होकार. डग खूश होऊन तिच्या टेबलापाशी आला आणि विचारू लागला की या म्हाताऱ्यांना अचानक झालंय तरी काय. मृणालिनी म्हणाली, माहीत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी सबनीसांचा निरोप समारंभ होता. घर विकलं गेलं होतं, सोमवारचं विमान होतं. शुभा आणि चारुता या मंडळातल्या दोघींनी देवळाचा हॉल घेतला होता, प्रत्येकीने एकेक पदार्थ आणलेला. मृणालिनी घरून ठरवून निघाली होती. अरुणला गाडीत म्हणाली, "मी सांगणार आहे त्यांना. मत कसं द्या ते नाही सांगत, फक्त म्हणते, पान त्रेसष्ट वाचा. पब्लिक डॉक्युमेंट आहे, त्यात काय? मत देऊन झालं असलं तरी बदलता येतं. अजून अडीच आठवडे आहेत." अरुण म्हणाला, "सांग. पण सांगून टाक, यार. हे रोजचं डोक्याला ताप झालंय."

सबनीस इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, मांडीवर नारळ, हातात कागदी प्लेट. ती बाजूला जाऊन बसली. आजूबाजूला कोणी नव्हतं.

"काका, एक सांगायचं होतं."

"मलाही. बरं झालं आलीस." त्यांनी प्लेट खाली ठेवली. "तुमच्या त्या पुस्तिकेत, मृणालिनी, रिटायर्ड लोकांच्या मतपत्रिकेवर फोन नंबर किती बारीक छापलाय! ओहायोच्या बाईला दिसला नाही, मला तीन वेळा वाचून दाखवावा लागला. तू एवढी वर्षं हे काम करतेस. छापायच्या आधी कोणी नीट वाचत नाही का तुमच्यात? लीगलवाल्यांना वाचायचा कंटाळा. मी असतो ना, तर..."

ते पाच मिनिटं बोलले. अक्षराचा आकार किती असावा, समास किती सोडावा, त्यांच्या वेळी टेस्ट रिपोर्ट कसे निघत. मृणालिनी ऐकत होती. तिच्या तोंडाशी ते वाक्य आलं होतं, फक्त तीन शब्द होते, पान त्रेसष्ट वाचा. आणि तिला त्या क्षणी या माणसाचा इतका, इतका कंटाळा आला. पाच वर्षांचे फोन, पाकिटं, स्वल्पविराम, "पानं मोजलीस का?" सगळं एकदम अंगावर आलं. तिला वाटलं, वाचायचा कंटाळा आम्हाला काय? मग राहू दे. तुम्ही वाचता ना सगळं, मग वाचा.

"तू काय सांगणार होतीस?" त्यांनी विचारलं.

"काही नाही, काका. श्रीखंड छान झालंय, घ्या."

अठरा नोव्हेंबरला मतमोजणी झाली. एक्कावन्न पॉइंट तीन टक्के. रिटायर्ड लोकांचे साडेतीन. आकडा लावून तिने तो दोनदा तपासला, तिसऱ्यांदाही तपासला. साडेतीन काढले तर सत्तेचाळीस पॉइंट आठ. महिनाअखेरीस वेल्ड्रमचा डेलावेअरचा दाखला गेला आणि टेक्सासचा आला. ऑफिसात कोणाला काही कळलंही नाही. छपाईच्या खोलीत लेटरहेडचा एक शब्द बदलला.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात रजिस्टर्ड पाकीट आलं, अर्विंगहून. मृणालिनीने सही करून घेतलं. आत दोन पानं. पहिल्यावर पाचशे शब्द, नेमके, दुसऱ्यावर ब्रोकरचं पत्र. शिवाय एक छोटी चिठ्ठी की मीटिंगचा हॉल डॅलसमध्ये नक्की कुठे ते लवकर कळवावं, बरोबर सातजण आहेत, ओहायोहून दोघे विमानाने येणार आहेत. डगने पान पुढे सरकवलं आणि नेहमीचं पत्र पाठवायला सांगितलं. आता नेहमीचं पत्र वेगळं होतं. तिने लिहिलं की आपली शेअर-मालकी कंपनीच्या नियमांत ठरलेल्या किमान मर्यादेपेक्षा कमी असल्याने आपला ठराव समाविष्ट करता येत नाही. वार्षिक मीटिंग पूर्वीप्रमाणेच ऑनलाइन होईल. राज्याच्या अशा कायद्यापुढे केंद्राचा तो नियम टिकतो की नाही यावर वकील लोकांत अजून भांडण चालू आहे, पण भांडायला वकील लागतो, आणि वकिलाला सबनीस परवडत नाहीत.

पत्र गुरुवारी पोचलं. फोन शुक्रवारी संध्याकाळी आला. या वेळी अरुण ओरडला नाही. त्याने नाव बघितलं आणि फोन गुपचूप तिच्या हातात दिला.

"मृणालिनी, पत्र मिळालं. दहा लाख डॉलर म्हणतात."

"हो, काका."

"मी आज पुस्तिका काढून वाचली. सगळी. पान त्रेसष्टवर आहे ते." मागे टीव्ही चालू होता, आन्या इंग्रजीत काही तरी मागत होती. ते तिला म्हणाले, "थांब बाळा," आणि पुन्हा फोनवर आले. "किती मतांनी पास झालं?"

तिने आकडे सांगितले. त्यांनी रिटायर्ड लोकांचा वेगळा विचारला, तोही तिने सांगितला. पलीकडे वजाबाकी करायला वेळ लागला नाही. छत्तीस वर्षं आकड्यांत काढलेला माणूस तो.

"म्हणजे मीच केलं," ते म्हणाले. "सत्तेचाळीस फोन केले मी. वेल्डरच्या बायकोला तर तीन वेळा."

मृणालिनीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तुला माहीत होतं ना गं?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून, काका. मीच छापलं होतं ते."

ती वाट बघत होती की आता ते चिडतील. चिडायलाच हवं होतं. चिडले असते तर तिलाही चिडता आलं असतं, पाच वर्षांचं सगळं ऐकवता आलं असतं, आणि फोन आपटून ठेवता आला असता.

"नोकरीचा प्रश्न असेल," सबनीस म्हणाले, अगदी हळू, समजूत घातल्यासारखं. "तुमच्या खात्याचा नियम आहे ना तो, आमच्याशी बोलायचं नाही असा. तू बोलली असतीस तर तुझी नोकरी गेली असती. म्हणून नाही बोललीस. हो ना?"

तिला देवळाचा हॉल आठवला नाही, काही आठवलं नाही. फक्त समोर उघडलेलं दार दिसलं, आणि ती त्यातून निघून गेली.

"हो, काका," ती म्हणाली. "नोकरीमुळेच."

"मग बरोबर केलंस. अजिबात वाईट वाटून घेऊ नकोस. मी तुझ्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं."